जॉर्ज इनची उरलेली बाजू



निमंत्रणपत्रिकेत ‘लंडनमधले एक जुने मद्यालय’ असा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. त्यांना आधीच सांगून ठेवतो, पेल्यात काय होते याविषयी मी फार कमी बोलणार आहे. पेला ठेवायची जागा कशी बांधली, का बांधली आणि तिच्यातली किती उरली, एवढाच माझा विषय. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी वर्गात म्हणायचे, देवळे आणि राजवाडे सगळेच बघतात, तुम्ही गाडीतळ बघा, धर्मशाळा बघा, धान्याची कोठारे बघा. तेव्हा आजची निवड त्यांना तरी खटकली नसती.

इमारतीचे नाव जॉर्ज इन. ती थेम्सच्या दक्षिण काठावर, सदर्क नावाच्या भागात, बरो हाय स्ट्रीट या रस्त्याला लागून आहे. लंडन ब्रिजवरून दक्षिणेकडे चालत निघालात तर पाचएक मिनिटांत डाव्या हाताला एक बोळ लागतो. रस्त्यावरून इमारत दिसत नाही. बोळातून आत गेले की मोकळे अंगण, आणि अंगणाच्या उजव्या बाजूला लांबट, काळपट, जरा वाकलेली अशी तीन मजली इमारत. तिच्या एका भागाला वरच्या दोन्ही मजल्यांवर लाकडी कठड्यांचे सज्जे आहेत. बाकीच्या भागाला विटांची साधी भिंत आणि वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या. घोडागाड्यांच्या काळातली, सज्जे असलेली सराई म्हणून लंडनमध्ये आता एवढी एकच उरली आहे. सरकारी यादीत तिला पहिल्या श्रेणीचे संरक्षण आहे.

लंडन दाखवणारे वाटाडे इथे आले की शेक्सपिअर आणि डिकन्स ही दोन नावे घेतात. शेक्सपिअरचे ग्लोब नाट्यगृह १५९९ साली याच सदर्कमध्ये उभे राहिले, हे खरे. पण शेक्सपिअर वारला १६१६ साली, आणि आपण जी इमारत बघतो ती १६७७ ची. त्याच्या वेळी या जागेवर याच नावाची सराई होती, इतकेच म्हणता येते. तिथे तो पीत बसला होता असे म्हणणे म्हणजे जवळपास राहणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या बाकावर बसवण्यासारखे आहे. डिकन्सचे नाते अधिक खरे आहे, त्याकडे येईनच. पण माझ्या मते ही इमारत मोठी ठरते ती त्या दोघांमुळे नाही. केंटमधून बिअरला लागणाऱ्या हॉप्सची पोती घेऊन येणारा गाडीवान, त्याचे घोडे, त्याचा माल आणि रात्री बंद होणारा पूल, यांनी तिला घडवले. जॉर्ज इन ही मुळात वाहतुकीची इमारत आहे. पिणे हा तिथल्या थांबण्याचा एक भाग होता.

पुलापासूनच सुरुवात करू. थेम्सवरचा दगडी लंडन ब्रिज १२०९ साली पुरा झाला. वेस्टमिन्स्टरचा पूल १७५० साली उघडला, तोवर लंडन शहरात नदी ओलांडायला तो एकच पूल होता. नाहीतर नाव करायची. पुलावर दोन्ही अंगांना घरे आणि दुकाने, मधून जेमतेम वाट. गर्दी इतकी, की १७२२ साली लॉर्ड मेयरने हुकूम काढून गाड्यांनी डाव्या बाजूने जावे असे बजावले. रात्री पुलाचे दरवाजे बंद होत. म्हणजे डोव्हर, कँटरबरी, ससेक्स, सरे या दक्षिणेकडच्या सगळ्या वाटा इथे येऊन तुंबायच्या. उशीर झालेल्या माणसाला मुक्काम करावाच लागे. आणि भरलेला अवजड गाडा त्या अरुंद पुलावरून पलीकडे नेण्यापेक्षा माल इकडेच उतरवून पुढची सोय करणे शहाणपणाचे. सदर्कमधल्या सरायांचा धंदा या अडचणीवर उभा होता. पूल रुंद असता, तर हे अंगणही नसते.

शिवाय नदीपलीकडे लंडन शहराच्या नगरपालिकेचा हात सैल. त्यामुळे शहराला नकोशा गोष्टी इकडे जमल्या: नाटकघरे, अस्वलांच्या झुंजी, कुंटणखाने, तुरुंग. आणि पिण्याची ठिकाणे. नाटककार टॉमस डेकरने सतराव्या शतकाच्या आरंभी या रस्त्याची थट्टा केली आहे, की हा सबंध रस्ताच एक लांबलचक दारूचा गुत्ता आहे. त्याच्या आधी, १५९८ साली, जॉन स्टो या लंडनच्या इतिहासकाराने इथल्या प्रमुख सरायांची नावे लिहून ठेवली: स्पर, ख्रिस्तोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट, किंग्ज हेड. एकाला एक लागून आठ सराया. त्यातली टॅबर्ड आपल्यापैकी इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना आठवेल. कवी चॉसरचे कँटरबरीचे यात्रेकरू तिथूनच निघतात. टॉमस बेकेट या आर्चबिशपचा ११७० साली कँटरबरीच्या चर्चमध्ये खून झाला. त्यानंतर तिथे जी यात्रा सुरू झाली, तिने या रस्त्याला गिऱ्हाईक पुरवले. टॅबर्ड जॉर्जच्या अगदी शेजारी, दक्षिणेला.

आता मांडणी. या रस्त्यावरच्या जमिनीचे तुकडे रस्त्याला अरुंद आणि मागे खूप खोल. रस्त्यावरची जागा महाग, तिथे दुकाने. मधोमध एक गाडी आत येईल एवढाच बोळ. सराई सगळी आत. गाडी बोळातून अंगणात शिरली, की फाटक लावून घ्यायचे. आता गाडी, घोडे, माल आणि माणसे एकाच कड्याच्या आत. बाहेर चोरांचे कितीही राज्य असो. अशा सराईत अंगणे सहसा दोन. पुढचे पाहुण्यांचे, ज्याच्या तीन बाजूंनी इमारत आणि सज्जे. मागचे गाड्यांचे आणि तबेल्यांचे. दाणावैरण, शेण, लोहाराचे ठोके, हे सगळे मागे.

सज्जे कशासाठी? शोभेसाठी नाहीत. घरात मधून बोळ काढून दोन्ही बाजूंना खोल्या काढण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. मधला बोळ अंधारा होतो, जागा खातो, आणि आग लागली तर सापळा होतो. त्यापेक्षा खोल्यांची एकच रांग करायची, तिची दारे बाहेर काढायची आणि बाहेरच्या बाजूने लाकडी सज्जा फिरवायचा. जिना अंगणातून वर चढतो, सज्ज्यावर येतो, सज्ज्यावरून तुम्ही आपापल्या खोलीत शिरता. खोलीला उजेड मिळतो. आणि प्रवाशाला आणखी एक सोय होते: कठड्यावर ओणवून तो खाली उभी असलेली आपली गाडी आणि आपले सामान पाहू शकतो. ज्याचा माल अंगणात रात्रभर उघड्यावर पडला आहे त्याला ही सोय लहान वाटत नसे.

आपल्या वाड्याच्या चौकाची आठवण इथे होणार, आणि ती व्हायला हरकत नाही. चौकाभोवती सोपे, वर माडी, माडीवरून खाली नजर. पण वाड्यात चौक हा घरातल्यांचा असतो आणि घोडा देवडीपाशी थांबतो. इथे घोडा थेट चौकात येतो, आणि चौकात कुणीच कुणाचे नसते. एका रात्रीपुरती जमलेली परकी माणसे एकमेकांवर वरून लक्ष ठेवून असतात. नजर खाली लावून बसलेल्या या माणसांचा उपयोग नटांनी केला नसता तरच नवल. शेक्सपिअरच्या तरुणपणी शहरातल्या बुल, बेल सॅव्हेज, क्रॉस कीज अशा सरायांच्या जागेत नाटके होत. मधे फळ्यांचा मंच, उभ्याने पाहणारे अंगणात, जास्त पैसे मोजणारे वर सज्ज्यात. कायमच्या नाटकघरांनी सज्ज्यांची ही रचना सरायांकडून घेतली, की अस्वलांच्या झुंजींच्या आखाड्यांकडून, यावर विद्वानांत वाद आहे. मला वाटते दोघांकडूनही. बांधणारा सुतार एकच असेल तर तो दोन ठिकाणी दोन पद्धती कशाला काढील?

१६७६ च्या मे महिन्यात सदर्कला मोठी आग लागली. नदीपलीकडच्या १६६६ च्या आगीला जेमतेम दहा वर्षे झाली होती. सुमारे पाचशे घरे गेली, जॉर्ज गेली, टॅबर्डही गेली. पुढच्या वर्षी जॉर्ज पुन्हा उभी राहिली, आणि गंमत अशी, की जुन्याच आराखड्यावर. नदीच्या उत्तरेला आगीनंतर कायद्याने विटा आणि दगड सक्तीचे झाले होते, सेंट पॉलचे नवे चर्च उभे राहत होते, वास्तुकार ख्रिस्तोफर रेनच्या हाताखाली शहराचा चेहरा बदलत होता. नदीच्या अलीकडे मात्र तेच अंगण, तेच लाकडी सज्जे. फॅशन पोचली नव्हती असे म्हणणे सोपे आहे. मला यात धंद्याचा हिशेब दिसतो. जागा तीच, बोळ तोच, गाडीची रुंदी तीच, घोड्याला लागणारी जागा तीच. गाडा बदलला नाही, मग सराई का बदलावी? घाईही असणार. सराई बंद असलेल्या प्रत्येक दिवशी गाड्या शेजारच्या अंगणात वळत होत्या.

आता आत जाऊ. आज तळमजल्यावर एकाला एक जोडलेल्या खोल्यांची रांग आहे. रस्त्याच्या बाजूची पहिली खोली ही पूर्वी गाडीवानांची आणि गाडीची वाट बघणाऱ्या उतारूंची. फळ्यांनी मढवलेल्या भिंती, साधे बाक. मधली खोली कॉफी रूम, म्हणजे जरा बऱ्या कपड्यांतल्या लोकांची. वरच्या सज्ज्यालगतच्या खोल्या निजायच्या. तिथे आता जेवणाची टेबले आहेत. दर्जा असा खोलीखोलीने वाटलेला होता. आज पब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लांब फळी येते, तिच्यापुढे उंच स्टुलांवर बसलेली माणसे आणि मागे बाटल्या. ही लांब फळी एकोणिसाव्या शतकात वाढली, गिऱ्हाईक झटपट वाटेला लावण्यासाठी. जुन्या सराईत वाढणारा आपल्या कोठडीत असे आणि पेले तिथून निघून खोल्यांत जात. जॉर्जच्या पहिल्या खोलीत काचेच्या सरकत्या खिडक्यांआड अशी कोठडी अजून आहे. तिच्यात तळघरातून बिअर वर ओढणाऱ्या हातपंपांचा जुना संच आहे, दुकानातल्या गल्ला-यंत्रासारखा दिसणारा. आता तो चालत नाही. बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट या इमारतीत मला विचाराल तर ती ही कोठडी. सज्ज्यांचे फोटो सगळेच काढतात.

त्याच खोलीत भिंतीवर एक मोठे घड्याळ आहे. अशा घड्याळांना तिकडे ‘पार्लमेंटची घड्याळे’ म्हणतात. कथा अशी सांगतात: १७९७ साली पंतप्रधान पिट याने घड्याळांवर कर बसवला, लोकांनी आपापली घड्याळे लपवली किंवा विकली, मग सरायांच्या मालकांनी गिऱ्हाइकांसाठी ही मोठी घड्याळे लावली. कर खरा आहे. घड्याळजींची उपासमार झाली आणि वर्षाच्या आत, १७९८ मध्ये, तो रद्द झाला, हेही खरे. पण अशी घड्याळे इंग्लंडातल्या सरायांत त्याच्या किती तरी दशके आधीपासून होती. कारण गाड्यांचे वेळापत्रक! अठराव्या शतकात टोल घेऊन रस्ते सुधारले, घोडे बदलायचे टप्पे ठरले, उतारूंच्या गाड्या ठरल्या वेळी सुटू लागल्या. गाडी कधी सुटणार हे अंगणातल्या कुणालाही दुरून दिसले पाहिजे, म्हणून तबकडी मोठी आणि आकडे ठळक. कराची कथा चटकदार आहे, म्हणून टिकली. घड्याळाचे खरे काम रेल्वे स्थानकावरच्या घड्याळाचेच होते.

आणि रेल्वेच या सरायांच्या जिवावर उठली. लंडनची पहिली रेल्वे, लंडन अँड ग्रिनिच, १८३६ साली लंडन ब्रिज स्थानकात पोचली. हे स्थानक जॉर्जपासून हाकेच्या अंतरावर. पाठोपाठ दक्षिणेकडच्या इतर मार्गांच्या गाड्या तिथेच येऊ लागल्या. ज्या वाटा शतकानुशतके या अंगणांत येऊन थांबत, त्या आता शेजारच्या फलाटावर थांबू लागल्या. उतारूंच्या घोडागाड्या काही वर्षांत संपल्या.

नेमक्या याच वर्षी, १८३६ मध्ये, डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ अंकाअंकाने निघू लागली. पिकविकला त्याचा नोकर सॅम वेलर भेटतो तो जॉर्जच्या दुसऱ्या बाजूच्या व्हाइट हार्टच्या, म्हणजे स्टोच्या यादीतल्या हार्टच्या, अंगणात, बूट पुसताना. १४५० च्या बंडात जॅक केडने आपला तळ ठोकला होता तीच ही व्हाइट हार्ट. डिकन्सला हा रस्ता पाठ होता, आणि तो हौसेने पाठ केलेला नव्हता. १८२४ साली त्याचे वडील कर्ज फिटेना म्हणून याच रस्त्यावरच्या मार्शलसी तुरुंगात होते. बारा वर्षांचा मुलगा जवळच लँट स्ट्रीटला खोली घेऊन राहत होता आणि बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला जात होता. पुढे ‘लिटल डॉरिट’ या तुरुंगाच्या कादंबरीत जॉर्जचे नाव ओझरते येते. सरायांच्या मरणघटकेला त्यांचे वर्णन करणारा लेखक मिळाला, आणि त्या वर्णनामुळे लोकांना त्या गोड वाटू लागल्या. अंगणातला शेणाचा वास वर्णनातून लवकर उडतो.

सराया रिकाम्या झाल्या तरी अंगणे रिकामी राहिली नाहीत. हॉप्स हे बिअरला कडवटपणा देणारे पीक, आणि ते केंटमधून सदर्कला येई. १८६७ साली इथे हॉप्सची मोठी बाजारइमारत उभी राहिली. सरायांची अंगणे व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या आणि मालाची कोठारे झाली. जॉर्ज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पाठीमागच्या गायज् हॉस्पिटलच्या हाती आली. १८७४ साली ती ग्रेट नॉर्दर्न रेल्वे या कंपनीने घेतली, मालाचे ठाणे करण्यासाठी. उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेला नदीच्या दक्षिणेचा माल गोळा करायला जागा हवी होती, आणि गाड्या उभ्या करण्यासाठी बांधलेले अंगण आयते मिळाले. १८८९ साली कंपनीने इमारतीच्या दोन बाजू पाडल्या. त्याच वर्षी व्हाइट हार्टही पाडली गेली. टॅबर्ड त्याआधीच, १८७० च्या दशकात गेली होती.

जॉर्जची दक्षिणेकडची बाजू तेवढी का राहिली? जतन करावे म्हणून नाही. ती बाजू मालाच्या वाटेत नव्हती आणि तिच्यात चालू धंद्याचे भाडे येत होते. पाडायला खर्च, ठेवायला उत्पन्न. हिशेबाच्या वहीत ती बाजू वाचली. मला यात कंपनीला दोष द्यायचा नाही. आपल्याकडच्या पेठांमधले वाडे कुणी मोडले आणि कुणी ठेवले, याची कारणे खोदली तर तिथेही बऱ्याच ठिकाणी वहीच निघते, भाडेकरूंचा खटला निघतो, भावाभावांची न झालेली वाटणी निघते. वारशाचे प्रेम त्या यादीत बरेच खाली असते. पुढे अ‍ॅग्नेस मरे नावाच्या मालकीणबाईंनी १९३४ पर्यंत जॉर्ज चालवली. जुनी सराई म्हणून लोक मुद्दाम बघायला येऊ लागले ते त्यांच्या काळात. १९३७ साली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने, म्हणजे जुन्या ग्रेट नॉर्दर्नच्या वारसदार कंपनीने, ती नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली. दोन बाजू पाडणारी आणि एक दान करणारी संस्था एका अर्थी एकच.

ज्या बाजू उरल्या नाहीत त्यांच्याशिवाय ही बाजू नीट समजत नाही. आज समोर काचेच्या आणि विटांच्या नव्या इमारती आहेत, त्यामुळे सज्जे एखाद्या दर्शनी शोभेसारखे दिसतात. खरे तर सज्ज्याला समोर सज्जा हवा. हा उत्तराभिमुख सज्जा. त्याला ऊन फारसे मिळत नाही, तेव्हाही मिळत नसणार. पलीकडच्या सज्ज्यावर ऊन येई आणि तिथल्या माणसांना ही बाजू सावलीत दिसे. तीन बाजूंनी वेढलेल्या अंगणात आवाज वर चढतो, उघड्या अंगणात तो विरतो. पुढे या अंगणात उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटके झाली, तेव्हा प्रेक्षक बसले ते पाडलेल्या बाजूंच्या जागेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मी सांगेन, की इथे गेल्यावर इमारतीचे चित्र काढू नका. आधी अंगणाचा नकाशा काढा, त्यात पाडलेल्या दोन बाजू तुटक रेषेने भरा, आणि मग बघा.

शेजाऱ्यांपैकी एकाचा उल्लेख केल्याशिवाय थांबणे बरे नाही. स्टोच्या यादीतली क्वीन्स हेड. सतराव्या शतकात ती सदर्कच्या कॅथरीन नावाच्या बाईंकडे होती. १६३५ मध्ये त्या वारल्या आणि सराई त्यांच्या मुलाकडे आली. मुलगा १६३७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला गेला, पुढच्याच वर्षी क्षयाने वारला, आणि जाताना आपली निम्मी मालमत्ता व सुमारे चारशे पुस्तके तिथल्या नव्या कॉलेजला देऊन गेला. त्याचे नाव जॉन हार्वर्ड. जगातल्या सर्वात श्रीमंत विद्यापीठाच्या नावामागे जो पैसा आहे त्यातला काही भाग या रस्त्यावरच्या गाडीवानांच्या खिशातून आला होता. दारूबंदीवाल्यांनी आणि दारूच्या समर्थकांनी यातून आपापले निष्कर्ष काढावेत, मी मध्ये पडत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. जॉर्ज नॅशनल ट्रस्टच्या मालकीची असली तरी ती संग्रहालय नाही. तिकीट नाही, ती चालू पब आहे. न पिणाऱ्याने लिंबूपाणी मागवून बसावे, कुणी काही म्हणत नाही. दुपारी गर्दी नसताना जावे, म्हणजे पहिल्या खोलीतली काचेची कोठडी पाहता येते. आणि जायच्या आधी पुलाकडून रस्त्याच्या डाव्या कडेने सावकाश चालत यावे. किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, मग जॉर्ज, मग टॅलबट यार्ड, असे बोळ एकामागून एक लागतात. आगीनंतर पुन्हा बांधलेल्या टॅबर्डचे नाव टॅलबट झाले होते. चॉसरची आठवण म्हणून तिथे २००३ साली पाटी लावली आहे. बाकीच्या बोळांत बघण्यासारखे काही नाही, पण प्रत्येकाची रुंदी डोळ्यांनी मोजून पाहावी. अजूनही ती एका गाडीचीच आहे.